मानवधर्म सभा : सुरतेतल्या एका लहान मंडळीची गोष्ट



 या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाटकावर, इतिहासावर पुष्कळ बोलून झाले आहे. म्हणून आज सुरतेचाच एक विषय घ्यावा असे मी ठरवले.

सुरत आणि मराठी माणूस हे दोन शब्द एकत्र आले की पहिली आठवण कोणती होते, ते सांगायला नको. १६६४ आणि १६७० या दोन साली आपली माणसे इथे कशासाठी आली होती, हे आपल्या गुजराती शेजाऱ्यांनाही पाठ आहे, आणि ते अधूनमधून थट्टेने आपल्याला त्याची आठवणही करून देतात. मी आज ज्या मराठी माणसाबद्दल बोलणार आहे, तो त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी इथे आला. तो इथून काही घेऊन गेला नाही, उलट काहीतरी ठेवून गेला. त्याचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांना आपण व्याकरणकार म्हणून ओळखतो. जन्म १८१४ चा. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले, आणि मराठी भाषेचे पाणिनी ही पदवी लोकांनी त्यांना दिली. मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिणारे तेच. पण या दोन ग्रंथांच्या मधल्या काळात दादोबा काही वर्षे सुरतेत सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि त्या वर्षांत त्यांनी इथल्या चार गुजराती मित्रांबरोबर एक सभा काढली, ही गोष्ट सुरतेच्या मराठी घरांतही फारशी सांगितली जात नाही. त्या सभेचे नाव मानवधर्म सभा. स्थापनेचा दिवस २२ जून १८४४. पश्चिम हिंदुस्थानातल्या धर्मसुधारणेच्या अगदी पहिल्या संस्थांत तिची गणना होते. मुंबईच्या परमहंस सभेच्या पाच वर्षे आधी आणि प्रार्थना समाजाच्या तेवीस वर्षे आधी ती सुरतेत भरत होती.

तेव्हाची सुरत कशी होती, ते थोडे डोळ्यांसमोर आणू. मोगल काळातले हे मोठे बंदर. पण व्यापार मुंबईला गेला होता. १८३७ च्या एप्रिलमध्ये प्रचंड आग लागून शहराचा मोठा भाग जळाला, आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. शहर गरीब झाले होते आणि धास्तावलेले होते. मिशनरी इथे आधीच आलेले होते, त्यांचा छापखाना चालत होता. एका पारशी विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. आपला धर्म म्हणजे नेमके काय, त्यातले राखायचे काय आणि टाकायचे काय, हा प्रश्न शिकलेल्या तरुणांसमोर उभा राहिला. १८४४ च्याच ऑगस्टमध्ये, म्हणजे सभा स्थापन झाल्यावर दोनच महिन्यांनी, सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. सुरतेचे लोक रस्त्यावर आले, दंगल झाली आणि सरकारला वाढवलेला कर कमी करावा लागला. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

सभेचे मुख्य पुरुष दुर्गाराम मंछाराम मेहता. ते नागर ब्राह्मण, शाळामास्तर. गुजरातीत शिक्षकाला मेहताजी म्हणत, म्हणून ते दुर्गाराम मेहताजी. त्यांच्याबरोबर दादोबा, दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास. पाचही नावे ‘द’ने सुरू होतात, त्यामुळे लोकांनी या मंडळींना पाच दद्दा म्हणायला सुरुवात केली. सभा दर रविवारी भरे. काही बैठका सर्वांना खुल्या असत. मूर्तिपूजा, जातिभेद, विधवांची स्थिती, भूतखेत आणि मंत्रतंत्र हे चर्चेचे विषय. दुर्गारामांचे विशेष धाडस असे की त्यांनी मांत्रिकांना आणि जादूटोणा करणाऱ्यांना जाहीर आव्हान दिले, की तुमच्या मंत्रात शक्ती असेल तर सर्वांसमोर दाखवा. आजच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला हे आव्हान ओळखीचे वाटेल. दुर्गारामांनी सभेच्या कामकाजाची टिपणे ठेवली होती. त्यांच्या आधारे सुरतेतच जन्मलेल्या महिपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये गुजरातीत दुर्गारामांचे चरित्र लिहिले, म्हणून त्या रविवारांची माहिती आज आपल्यापर्यंत पोचते.

दादोबांनी या मंडळीला विचारांची चौकट दिली. ‘धर्मविवेचन’ हे पुस्तक त्यांनी याच सुमारास लिहिले, पण ते छापले गेले १८६८ मध्ये, आणि तेही स्वतःचे नाव न घालता, ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. त्यातली तत्त्वे साधी आहेत. ईश्वर एक आहे. त्याची भक्ती म्हणजे प्रेम आणि नीतीचे वागणे. माणसांचा खरा धर्म एकच आहे. प्रत्येकाला स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचे स्वातंत्र्य आहे. आपले वागणे विवेकाला धरून असावे. माणसांची जात एकच. आणि सर्वांना योग्य ज्ञान मिळाले पाहिजे. आज शाळेच्या प्रार्थनेत बसतील अशी ही वाक्ये आहेत. पण १८४३-४४ मध्ये सरकारी नोकरीतल्या, जातीच्या पंगतीत बसणाऱ्या माणसाने ती लिहावीत, यात केवढी जोखीम होती, हे पुस्तक पंचवीस वर्षे छापले न जाण्यावरूनच कळते.

आता या सभेचा शेवट. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला परतले. १८५२ मध्ये दुर्गारामांची राजकोटला बदली झाली. सभा थांबली. जेमतेम आठ वर्षांचे आयुष्य. इतिहासकारांनी तिच्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे, ती अशी की सभेने जातिभेदावर टीका केली, पण तो मोडण्यासाठी प्रत्यक्ष पाऊल उचलले नाही. रविवारी सर्व माणसांची जात एक असे बोलून झाल्यावर मंडळी आपापल्या घरी, आपापल्या जातीच्या पंगतीत जेवायला जात.

हे मी दोष दाखवण्यासाठी सांगत नाही. जातीबाहेर टाकणे म्हणजे तेव्हा काय होते, ते आपण विसरलो आहोत. पाणी बंद, मुलांची लग्ने बंद, घरात मयत झाली तर खांदा द्यायला माणूस नाही. महिपतराम १८६० मध्ये विलायतेला गेले, तर परत आल्यावर नागर ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले. तेव्हा बोलणे हेसुद्धा मोठे काम होते. पण माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो असा. पंचवीस-पन्नास माणसांची एखादी मंडळी दर आठवड्याला जमते, चांगले बोलते, चांगले ऐकते. तिच्या बोलण्याचे न्यायात रूपांतर केव्हा होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका दूरच्या मंडळीची गोष्ट उपयोगी पडली. ती आहे इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाची. सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाने हा पंथ सुरू केला. ते स्वतःला फ्रेंड्स, म्हणजे मित्र म्हणवतात. क्वेकर म्हणजे थरथरणारे, हे लोकांनी चिडवण्यासाठी ठेवलेले नाव, आणि पाच दद्दांप्रमाणे तेच रूढ झाले. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वरी प्रकाश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. मग मधे पुरोहित कशाला? जुन्या पद्धतीच्या त्यांच्या उपासनेत पुरोहित नसतो, वेदी नसते, ठरलेले मंत्र नसतात. सगळे गोल किंवा समोरासमोर बसतात आणि शांत राहतात. कुणाला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उभा राहून बोलतो. स्त्रियांनाही पहिल्यापासून तो अधिकार होता. मंडळीचा कारभारही ते मतदानाने चालवत नाहीत. सर्वांचे म्हणणे ऐकून सभेचा कल कुठे आहे हे कार्यवाह पाहतो, तो लिहून वाचून दाखवतो, आणि सर्वांना पटेपर्यंत निर्णय थांबतो. आपल्याकडच्या मंडळांच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही पद्धत परलोकातली वाटेल.

दादोबांसारख्या वैयाकरणाला आवडली असती अशी त्यांची आणखी एक रीत होती. तेव्हाच्या इंग्रजीत आपल्यासारखीच एकेरी आणि आदरार्थी अशी दोन संबोधने होती. मोठ्या माणसाला आदरार्थी, नोकराला एकेरी. क्वेकरांनी ठरवले की सर्वांना एकच संबोधन वापरायचे, आणि तेही एकेरी. न्यायाधीशाला ‘तू’, उमरावाला ‘तू’. टोपीही कुणासमोर काढायची नाही. यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. व्याकरणातल्या एका सर्वनामासाठी माणसे तुरुंगात गेली, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाने तरी विसरू नये. आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. कोणाला कोणत्या पायरीवर उभे करायचे, हे आपण वयावरून ठरवतो असे म्हणतो. पण सोसायटीच्या साठ वर्षांच्या वॉचमनला आपल्या घरातला दहावीतला मुलगा काय म्हणून हाक मारतो, ते एकदा कान देऊन ऐका.

पण क्वेकरांचीही गोष्ट इथे गोड होत नाही. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश आहे असे मानणारे हे लोक अमेरिकेत गेले, पेनसिल्व्हेनियात वसले, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी गुलाम विकत घेतले. १६८८ मध्ये जर्मनटाऊन या गावातल्या चौघा मित्रांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहून आपल्या मंडळीसमोर ठेवले. मंडळीने ते वरच्या मंडळीकडे पाठवले, त्यांनी आणखी वर पाठवले, आणि तिथे ते राहून गेले. सरकारी कचेरीतल्या अर्जाचे व्हावे तसेच. शेवटी फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला पंथातून काढायचे ठरवले, ते १७७६ मध्ये. मधे अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली.

या अठ्ठ्याऐंशी वर्षांत काय घडले, ते मला महत्त्वाचे वाटते. जॉन वुलमन नावाचा एक शिंपी आणि छोटा दुकानदार होता. तो आपल्याच पंथाच्या गुलाम बाळगणाऱ्या लोकांच्या घरी जाई. भांडायला नव्हे, बोलायला. त्यांच्याकडे उतरला आणि गुलामांनी त्याची उठबस केली, तर निघताना त्या गुलामांच्या हातावर तो कामाचे पैसे ठेवी. यजमानाला शिवी न देता आरसा दाखवायची ही रीत. पुढे त्याने रंगवलेले कपडे वापरणेही सोडले. सुरतेत बसून हे सांगताना मला पांडेसऱ्याच्या डाइंग मिल आठवतात. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी जाण्यासाठी माणसे नेमली, त्यांत वुलमन होता. म्हणजे न्यायाचे काम त्यांनी दुसऱ्याच्या अंगणात सुरू केले नाही. आधी स्वतःच्या सभासदांची दारे ठोठावली. घर झाडून झाल्यावरच त्यांचा शब्द बाहेर चालला. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी जी समिती निघाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. एलिझाबेथ फ्राय हिने न्यूगेटच्या तुरुंगातल्या बायकांसाठी काम केले. १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक या पंथाच्या इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दोन सेवासंस्थांना मिळाले. संख्येने हा पंथ कायमच अगदी छोटा राहिला आहे.

आणि आता मीठ. १९३० च्या २ मार्चला गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहिले, की मिठाचा कायदा मी मोडणार आहे. ते पत्र टपालाने गेले नाही. साबरमतीहून दिल्लीला ते हातोहात पोचवले रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या पंचविशीच्या आतल्या इंग्रज तरुणाने, आणि तो क्वेकर होता. त्यानंतर महिनाभराने गांधीजी दांडीला पोचले. दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यात होती. १८४४ मध्ये ज्या मिठासाठी सुरत पेटली, त्याच मिठासाठी शहाऐंशी वर्षांनी याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सारा देश उभा राहिला. या पंथाचे लोक आपल्याकडे आणखीही ठिकाणी राहिले. होशंगाबादजवळ रसूलियात त्यांचे ग्रामकेंद्र होते, आणि १९७२ मध्ये तिथल्या सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात या केंद्राचा मोठा वाटा होता. मार्जरी साइक्स या क्वेकर बाईंनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या कामात वर्षे काढली.

श्रोतेहो, आता पुन्हा आपल्या पाच दद्दांकडे येऊ. सुरतेतली सभा थांबली, पण दादोबांच्या डोक्यातली थांबली नाही. १८४९ मध्ये मुंबईत त्यांच्याच विचारांतून परमहंस सभा निघाली. सुरतेत जे राहिले होते, ते तिने करायचे ठरवले. सभासद व्हायचे तर जात मोडायची. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. पण हे सारे गुप्तपणे. सभासदांची नावे बाहेर जायची नाहीत, पुरेसे लोक झाले की मग जाहीर करायचे, असा बेत होता. १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीला गेले, नावे फुटण्याची वेळ आली, आणि सभा विरून गेली. सुरतेत बोलणे उघड होते आणि कृती नव्हती. मुंबईत कृती होती, पण ती उघड नव्हती. दोन्हींचे आयुष्य जवळपास सारखेच, आठ-दहा वर्षांचे.

३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे दादोबांचे धाकटे भाऊ. भांडारकर, रानडे, वामन आबाजी मोडक, चंदावरकर ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. समाजाने उघडपणा निवडला. पण सभासदाने जात मोडलीच पाहिजे अशी अट घातली नाही. या सावधपणावर तेव्हाही टीका झाली आणि ती गैर नव्हती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे न्यायमूर्ती रानडे १८७३ मध्ये विधुर झाले आणि वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून सेवासदनाचा आधार झाली, हे खरे. पण त्या दिवशी सुधारकांची मान खाली गेली, हेही तितकेच खरे.

मग प्रार्थना समाज टिकला कशामुळे? माझे उत्तर असे आहे. रविवारच्या उपासनेला त्याने आठवड्याचे काम जोडले. १८७३ मध्ये ‘सुबोध पत्रिका’ निघाली. १८७६ पासून कामकरी लोकांसाठी रात्रीच्या शाळा सुरू झाल्या. आणि १८७५ मध्ये पंढरपूरला टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम निघाला. या आश्रमाची गोष्ट सुरतेत बसून मुद्दाम सांगावी अशी आहे. वारीच्या गावात फसवल्या गेलेल्या विधवा येत, मुले टाकून जात, कधी मारूनही टाकत. तिथे तेव्हा न्यायाधीश होते लालशंकर उमियाशंकर, प्रार्थना समाजाचे गुजराती सभासद. न्यायासनावर बसून अशा स्त्रियांना शिक्षा सुनावण्यापुरते त्यांचे काम होते. तेवढ्यावर न थांबता त्यांनी मुलांसाठी घर उघडले. मराठी दादोबा सुरतेत येऊन गुजराती मित्रांबरोबर सभा काढतात, आणि तीस वर्षांनी गुजराती लालशंकर विठोबाच्या पंढरपुरात मराठी अनाथांसाठी दार उघडतात. आपल्या दोन समाजांच्या देवघेवीत १६६४ च्या जोडीला हेही आपण मुलांना सांगावे.

या परंपरेतला सर्वांत पुढे गेलेला माणूस म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे. १९०३ मध्ये ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत अस्पृश्य मानलेल्या मुलांची शाळा काढून डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. शिंद्यांनी बाहेरून देणगी दिली असे झाले नाही. ते, त्यांचे आईवडील, बहीण जनाबाई असे सारे घर त्या कामात उतरले. आजारी माणसाची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास, रोजची उठबस हे सारे त्यात आले. १९१० मध्ये ते समाजाच्या प्रचारकपदावरून दूर झाले. मंडळीतला एखादा माणूस मंडळीच्या पुढे जातो तेव्हा मंडळीला तो जड होतो, हे जर्मनटाऊनच्या चौघांपासून शिंद्यांपर्यंत चालत आलेले आहे. पण मंडळीची किंमतही शेवटी अशाच माणसांवरून होते.

आता मी आपल्याबद्दल दोन शब्द बोलतो, आणि मला वाटते आपण ते घरचा माणूस म्हणून ऐकून घ्याल.

आपल्यापैकी अनेकांची घराणी गायकवाडीच्या काळापासून, काहींची त्याही आधीपासून गुजरातेत आहेत. आपले मराठी घरातले, नाटकातले, गणपतीतले. आपण दोन पिढ्या गुजरातीत हिशेब केला आणि मराठीत देवाला आळवले. हे जपणे सोपे नव्हते आणि आपण ते जपले. पण आज सुरतेत मराठी माणूस म्हटला तर तो बहुसंख्येने आपल्या घरांत राहत नाही. तो लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथे राहतो. धुळे, नंदुरबार, जळगावहून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आलेला, यंत्रमागावर, डाइंग मिलमध्ये, कापड मार्केटात पार्सले उचलण्यात राबणारा. घरी अहिराणी बोलणारा. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, त्यांत शिकतात ती मुख्यतः त्याची मुले. उद्या सुरतेत मराठी उरली, तर ती या मुलांच्या तोंडी उरेल.

त्यांच्यापैकी किती जण आज या सभागृहात आहेत? मी मोजायला सांगत नाही. आपण त्यांना कधी येऊ नका म्हटलेले नाही, हेही मला ठाऊक आहे. पण दाराला कडी नसली म्हणून ते उघडे असते असे नाही. बारा तासांची पाळी संपवून येणाऱ्या माणसाला आपल्या कार्यक्रमाची वेळ सोयीची आहे का? तो आला तर कुठल्या रांगेत बसेल? त्याच्या अहिराणीला आपल्या ओठांवर हसू येईल का? १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो माणसे शहर सोडून गेली, २०२० च्या टाळेबंदीत याच वस्त्यांतले कामगार गावाकडे निघाले. त्या वेळी ज्यांनी डबे पोचवले, त्यांना मी मनापासून वंदन करतो. पण डबा हा एका दिवसाचा असतो, आणि न्यायाला रोजचे काम लागते.

आपण काही मोठी घोषणा करावी असे मी म्हणत नाही. मानवधर्म सभेत नाव घेण्यासारखे पाचच जण होते आणि जर्मनटाऊनला चौघेच. आपल्यापैकी दहा घरांनी ठरवले, की महिन्यातला एक रविवार मंडळाची बैठक लिंबायतच्या एखाद्या शाळेत घ्यायची. ग्रंथालयातली दोन कपाटे तिकडे न्यायची आणि दर आठवड्याला स्वतः जाऊन ती उघडायची. दहावीच्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायला निवृत्त मंडळींनी जायचे. पुढच्या वर्षी या व्यासपीठावरून अहिराणीत एक भाषण व्हावे आणि आपण ते समोर बसून ऐकावे. एवढेच. आणि घरी गेल्यावर वॉचमनला, भांडी घासणाऱ्या ताईंना, रिक्षावाल्याला ‘तुम्ही’ म्हणायला नातवंडांना शिकवावे. क्वेकरांनी सर्वांना ‘तू’वर आणले, आपण सर्वांना ‘तुम्ही’वर न्यावे. व्याकरणात बसते. दादोबांची हरकत नसावी.

सुरतेतली ती सभा आठ वर्षांत बंद पडली म्हणून ती फसली, असे मला वाटत नाही. तिच्यातला एक माणूस मुंबईला गेला, त्याच्या भावाने पुढचे काम उचलले, त्यांच्यातल्या एका गुजराती सभासदाने पंढरपूरला घर उघडले, आणि तिथून वाट शिंद्यांच्या शाळेपर्यंत गेली. तिची सुरुवात या शहरात, तापीच्या काठी, रविवारी जमणाऱ्या पाच माणसांपासून झाली. तिचे राहिलेले काम इथेच, चार-सहा किलोमीटरवर, आपली वाट पाहत आहे.